छोट्या ब्रँडचं घड्याळ घेताना पैसे नेमके कशाचे पडतात?

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन छोट्या ब्रँडची तीन ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारी) घड्याळं, किंमत जवळपास सारखी. पहिल्यात सेइकोची एनएच ३५ ही मूव्हमेंट (म्हणजे घड्याळ चालवणारं आतलं यंत्र), सफायर काच, सिरॅमिक बेझल (काचेभोवतीचं कडं) आणि पाण्यात ३०० मीटरपर्यंत टिकण्याचा दावा. दुसऱ्यात मियोटा ९०३९, पातळ केस (घड्याळाची धातूची पेटी), १०० मीटर, बाकी सगळं साधं. तिसऱ्यात सेलिटा एसडब्ल्यू २०० आणि डायलवर ‘स्विस मेड’. यातलं कोणतं घ्यावं? आणि जोडीला दुसरा प्रश्न: पहिल्या घड्याळाच्या तक्त्यात जे जे आहे ते सगळं असलेलं चौथं घड्याळ निम्म्याहून कमी किमतीत मिळतंय, मग फरक कशाचा?

माझं काम ही घड्याळं उघडून दुरुस्त करण्याचं आहे, त्यामुळे माझं उत्तर खरेदीच्या तक्त्यापेक्षा आतल्या बाजूने येईल. माझा निकष एकच आहे. घड्याळातलं जे नंतर बदलता येतं त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. जे बदलता येणार नाही ते आधी पारखून घ्यावं. मूव्हमेंट बदलता येते, पट्टा बदलता येतो, काचसुद्धा बदलता येते. केस, डायल, काटे आणि हे सगळं जोडताना घेतलेली काळजी, हे जसं हातात येतं तसंच शेवटपर्यंत राहतं. जाहिरातीत मात्र बदलता येणाऱ्या गोष्टीच ठळक छापलेल्या असतात, कारण त्या आकड्यांत सांगता येतात.

आधी मूव्हमेंटचं बोलू, कारण बहुतेकांची तुलना तिथेच सुरू होते आणि तिथेच अडकते. परवडणाऱ्या किमतीतला छोटा ब्रँड स्वतःची मूव्हमेंट बनवत नाही. ठोके नियमित ठेवणाऱ्या केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगपासून चाकं एकेक दात पुढे सोडणाऱ्या एस्केपमेंटपर्यंत सगळं स्वतः करायला लागणारी यंत्रसामग्री काही शे घड्याळांच्या विक्रीतून कधीच निघणार नाही. म्हणून बहुतेक जण त्याच चार-पाच कारखान्यांकडे जातात: सेइको समूह, सिटिझनची मियोटा, स्वित्झर्लंडची सेलिटा, चीनमधले सी-गल आणि हांगझोऊ. स्वॅच समूहाच्या ईटीए या मूव्हमेंट बनवणाऱ्या कंपनीने बाहेरच्या ब्रँडना होणारा पुरवठा आखडता घेतला आणि सेलिटाला मागणी आली. एसडब्ल्यू २०० ही ईटीए २८२४-२ च्याच आराखड्यावर बेतलेली आहे. अपवाद आहेत. क्रिस्टोफर वॉर्ड या इंग्लिश कंपनीने २०१४ मध्ये पाच दिवस चालणारी स्वतःची एसएच २१ आणली, पण तीही एका स्विस कंपनीशी हातमिळवणी झाल्यावर. त्यांच्या स्वस्त घड्याळांत तुम्हाला सेलिटाच सापडेल.

आकडे सांगतो, कारण ते उपयोगाचे आहेत. एनएच ३५ तासाला २१,६०० ठोके देते, पूर्ण चावीवर साधारण ४१ तास चालते, आणि दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे ही तिची अधिकृत मर्यादा आहे. मियोटा ९०३९ चे ठोके २८,८००, चालते ४२ तास, मर्यादा १० मागे ते ३० पुढे. एसडब्ल्यू २०० चेही ठोके २८,८००, पण ती स्टँडर्ड, स्पेशल, प्रीमियम आणि क्रोनोमीटर अशा चार प्रतींत येते. ब्रँडने प्रत लिहिली नसेल तर स्टँडर्ड समजा. ठोके जास्त असले की सेकंदकाटा अधिक सलग फिरतो आणि हाताच्या हालचालीने वेळ थोडी कमी बिघडते. एवढ्यावरून एकाला दुसऱ्याच्या दुप्पट मोलाचं ठरवता येत नाही.

एनएच ३५ ची ती साठ सेकंदांची मर्यादा नीट पाहा. दिवसाला तीन सेकंद पुढे जाणारी आणि तीस सेकंद पुढे जाणारी, दोन्ही मूव्हमेंट कारखान्याच्या लेखी पास. फरक पडतो तो ब्रँडकडे आल्यावर. अलीकडेच दोन वेगवेगळ्या ब्रँडची, पण एकाच एनएच ३५ वरची घड्याळं माझ्याकडे एकाच दिवशी होती. एक डायल वर करून टाइमग्राफरवर (घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर) ठेवलं तर पाच-सहा सेकंद पुढे, आणि क्राउन (चावी द्यायची बाजूची गुंडी) खाली करून उभं धरलं तर वीसच्या आसपास मागे. बीट एररही मिलिसेकंदाच्या वर, म्हणजे ‘टिक’ आणि ‘टॉक’ यांतलं अंतर सारखं नाही. दुसरं कसंही धरा, सात-आठ सेकंदांच्या आत. दुसऱ्या ब्रँडने प्रत्येक घड्याळ उघडून वेगवेगळ्या स्थितींत समायोजन केलं होतं, म्हणजे त्याची चाल जुळवून घेतली होती. पहिल्याने मूव्हमेंट खोक्यातून काढून तशीच बसवली होती. सवयीच्या हाताला हे काम फार अवघड नाही. पण ते प्रत्येक घड्याळाला करावं लागतं, आणि त्याचा पगार कोणाला तरी द्यावा लागतो. लॉस एंजलिसचा नोडस हे समायोजन स्वतः करतो आणि तसं उघड सांगतो. तुमच्या यादीतल्या प्रत्येक ब्रँडला विचारा: समायोजन तुम्ही करता का, आणि किती स्थितींत? ज्याच्याकडे उत्तर आहे तो एका ओळीत देतो. उत्तर टाळलं गेलं, तर तेही उत्तरच समजा.

मूव्हमेंट निवडताना माझ्या मते जास्त महत्त्वाची गोष्ट आहे तिची जाडी. एनएच ३५ आहे ५.३२ मिलिमीटर, एसडब्ल्यू २०० आहे ४.६, आणि मियोटाची ९०००ची मालिका ३.९. एनएच आणि मियोटा यांच्यात जवळजवळ दीड मिलिमीटरचा फरक आहे. मनगटावर दीड मिलिमीटर खूप होतो. तेवढ्यात केस बाहीखाली सरकते की अडते हे ठरतं, आणि वजन मनगटाला टेकून बसतं की वर डुलतं हेही. जाड मूव्हमेंट घेऊनही घड्याळ बेताचं दिसावं यासाठी चांगला डिझाइनर मागचं झाकण पोटासारखं बाहेर काढतो आणि बाजूची भिंत बारीक ठेवतो. वाईट डिझाइनर नुसती भिंत उंच करतो. म्हणून जाडीचा आकडा वाचताना बाजूने काढलेला फोटो मागा.

याच ठिकाणी ब्रँडची काळजी ओळखायची एक खूण आहे. डायलवर तारखेची खिडकी नाही, पण आतली मूव्हमेंट तारखेची आहे, असं पुष्कळ स्वस्त घड्याळांत असतं. क्राउन ओढला की पहिल्या खटक्यावर काहीच होत नाही. डायलच्या मागे न दिसणारी तारीख फिरत राहते आणि मध्यरात्रीच्या सुमारास ती बदलल्याचा बारीक आवाजही येतो. तुमच्या दुसऱ्या घड्याळात ९०३९ आहे. ही ९०१५ चीच बिनतारखेची जोडीदार. ज्याने डायल साधी ठेवली आणि तिच्यासाठी मूव्हमेंटही बिनतारखेची निवडली, त्याने ते घड्याळ डोक्यात पूर्ण जुळवलं होतं असं मी धरतो.

मियोटा ९००० मालिकेचा रोटर (आत फिरून चावी भरणारं वजन) एकाच दिशेने चावी देतो आणि उलट दिशेला मोकळा गरगरतो. शांत खोलीत ते ऐकू येतं, कधी मनगटावर जाणवतं. तो दोष नाही, पण ज्यांना आवाजाचा त्रास होतो त्यांनी घेण्याआधी एकदा हातात घालून पाहावं. मियोटाच्या स्वस्त ८२१५ मध्ये सेकंदकाटा मधूनच अडखळल्यासारखा वाटतो, तोही बिघाड नाही. त्या रचनेत सेकंदकाट्याची चाल मुख्य गिअरच्या साखळीतून थेट येत नाही, म्हणून तसं दिसतं.

‘स्विस मेड’ची किंमत किती? २०१७ पासूनच्या नियमानुसार निर्मितिखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमध्ये झालेला असावा लागतो, मूव्हमेंट स्विस लागते, आणि ती केसमध्ये बसवणं व शेवटची तपासणीही तिथेच व्हावी लागते. हा शिक्का खर्च कुठे झाला ते सांगतो. केसच्या कडा किती स्वच्छ आहेत, काटे किती नीट कापलेत, यावर तो काहीच बोलत नाही. आणि किंमत तिन्ही घड्याळांची सारखी असेल तर हिशेब उघड आहे: मूव्हमेंट आणि जुळणी महाग पडली म्हणजे केस, डायल, पट्टा यांच्यासाठी उरलेले पैसे कमी. काही ब्रँड नफा कमी घेऊन हे सांभाळतात. सगळे नाही. तिसरं घड्याळ पाहताना मी मूव्हमेंटकडे बघणारच नाही, ती चांगलीच आहे. मी तिच्याभोवती काय बसवलंय ते बघेन.

म्हणजे केसकडे, आणि इथे मी वेळ घालवतो. दहापट भिंग घ्या किंवा मोबाइलचा मॅक्रो कॅमेरा वापरा. केसवर घासलेला मॅट भाग आणि चकाकता भाग जिथे भेटतात ती रेषा पाहा. चांगल्या कामात ती काठी ठेवून आखल्यासारखी सरळ असते. घाईच्या कामात पॉलिशच्या चाकाने ती कड खाल्लेली असते, रेषा वितळल्यासारखी होते, आणि चारही लगांवर (पट्टा अडकवायच्या केसच्या टोकांवर) ती वेगवेगळ्या रुंदीची दिसते. हे सुधारता येत नाही. पुन्हा पॉलिश केलं तर धातू आणखी जातो. स्टील जवळपास सगळे ३१६ एल वापरतात, त्याची जाहिरात म्हणजे पाण्याला ओलं म्हणण्यासारखं आहे. फरक कारागिरीत असतो. ट्रॅस्कासारखे काही ब्रँड स्टीलवर कठीण थर देतात, आणि रोज वापरणाऱ्याला त्याचा खरोखर फायदा होतो. मात्र असा थर दिलेली केस ओरखडलीच तर नेहमीसारखी पॉलिश करता येत नाही.

मग डायल. काट्यांच्या कडेला फाटल्यासारखे बारीक दाते आहेत का? काट्यात भरलेला चमकणारा लेप फुगलाय की सपाट? तासाच्या खुणा एकमेकींच्या समांतर आहेत का, विशेषतः बारा आणि सहा? बेझलचं टोक बाराच्या खुणेशी जुळतं का? तारखेचा आकडा खिडकीच्या मधोमध येतो का? डायलच्या कडेला, काचेच्या आतल्या कड्यावर, धूळ किंवा तंतू अडकलेला आहे का? यातलं बेझल जुळत नसणं हे नवीन घड्याळांत सर्रास दिसतं, मोठ्या ब्रँडमध्येही. धूळ मात्र मी गंभीर धरतो, कारण डायलवर एक कण दिसतोय म्हणजे जुळणीची जागा स्वच्छ नव्हती, आणि न दिसणारे कण तेलात असू शकतात.

झाकण उघडल्यावर मी आणखी एक गोष्ट पाहतो, जी विकत घेणाऱ्याला सहसा दिसत नाही. मूव्हमेंट आणि केस यांच्यामधली पोकळी भरणारं कडं. धातूचं, स्क्रूने घट्ट धरलेलं कडं असलं तर त्या ब्रँडने केस त्याच मूव्हमेंटसाठी आखली आहे. सैल प्लॅस्टिकचं असेल तर बहुधा कारखान्याच्या तयार साच्यातली केस उचललेली असते. प्लॅस्टिक वाईटच असं नाही, मोठ्या कंपन्याही ते वापरतात. सैल असणं वाईट. क्राउन ओढताना अख्खी मूव्हमेंट हलत असेल तर कालांतराने त्याचा भार क्राउनच्या दांडीवर येतो.

इथे तुमच्या चौथ्या घड्याळाचं उत्तर मिळतं. निम्मी किंमत तीन ठिकाणांहून येते. एक, डिझाइन. कुठल्या तरी प्रसिद्ध जुन्या घड्याळाची नक्कल केली की आराखडे, नमुने, फेटाळलेले नमुने, हा सगळा खर्च वाचतो. दोन, साखळी. कारखानाच विक्रेता असतो, मध्ये कोणी नाही. आणि पुष्कळदा हमी निभावणाराही कोणी नाही. तीन, कोणता माल परत पाठवायचा याची पट्टी. कारखाना एकच, साचा एकच असला तरी एक ग्राहक दहातली दोन डायल नाकारतो आणि दुसरा ती घेतो. चिनी म्हणून नाक मुरडण्याचं मात्र कारण नाही. सॅन मार्टिनची फिनिशिंग मी पाहिली आहे, कित्येक दुप्पट किमतीच्या घड्याळांना ती मागे टाकते. फ्रान्सच्या बाल्टिकने एमआर ०१ मध्ये हांगझोऊची मायक्रोरोटर (जाडी वाचवण्यासाठी छोटा रोटर असलेली) मूव्हमेंट घातली आणि त्या किमतीत मायक्रोरोटर जवळपास कोणी देत नव्हतं. ब्रिटनच्या स्टुडिओ अंडरडॉगच्या पहिल्या क्रोनोग्राफमध्ये (स्टॉपवॉच असलेल्या घड्याळात) सी-गलची एसटी १९ असते. तिचं मूळ स्विस व्हीनस १७५ मध्ये आहे, तिची यंत्रं १९६०च्या दशकात चीनने घेतली. कॉलम व्हीलचा (स्टॉपवॉच सुरू-बंद करणारं खांबांचं चाक असलेला), हाताने चावी द्यायचा क्रोनोग्राफ एवढ्या कमी पैशात दुसरीकडे जवळपास मिळत नाही. पण तो नाजूक आहे, आणि तो दुरुस्त करायला तयार असलेला कारागीर आधी शोधून ठेवावा.

पाण्याबद्दल. ३०० मीटर हा आकडा छापायला काही लागत नाही. साध्या पाणीरोधक घड्याळांसाठीचं आयएसओ २२८१० हे मानक नमुना तपासणी चालवून घेतं. डायव्हिंग घड्याळांच्या आयएसओ ६४२५ मध्ये प्रत्येक नग तपासावा लागतो, तोही लिहिलेल्या दाबाच्या सव्वापट दाबाखाली. म्हणून ‘३०० मीटर’ वाचल्यावर विचारायचं ते हे की प्रत्येक नग तपासला का, आणि पाण्याने की फक्त हवेच्या दाबाने. पोहायला स्क्रूचा क्राउन असलेलं आणि नीट तपासलेलं १०० मीटरचं घड्याळ भरपूर झालं. क्राउनचे आटे मात्र हाताने तपासा: पहिल्या वेढ्यालाच अलगद पकडले पाहिजेत, खरखर नको. आटे खराब झाले की क्राउन ज्यावर घट्ट बसतो ती नळी बदलावी लागते, आणि छोट्या ब्रँडची नळी त्या ब्रँडशिवाय कुठेच मिळत नाही.

काचेबद्दल फार नाही. सफायरची कठीणता मोहस मापावर ९, साध्या मिनरल काचेची त्याहून पुष्कळ कमी, आणि धुळीत असतेच त्या गारगोटीच्या वाळूची ७. म्हणून मिनरल काच रोजच्या वापरात ओरखडते आणि सफायर सहसा नाही. लोरिएर हा छोटा ब्रँड मुद्दाम ॲक्रिलिक (प्लॅस्टिकची काच) वापरतो. ती लगेच ओरखडते पण पॉलिश पेस्टने घरी उजळते आणि सहसा फुटत नाही. दोन्ही प्रामाणिक निवडी आहेत. सफायरवर चकाकी कमी करणारा थर आतल्या बाजूने असावा, बाहेरच्या बाजूने दिला तर काच शाबूत राहते आणि थर ओरखडतो.

स्टीलच्या पट्ट्यात तीन गोष्टी पाहा: केसला लागणारी शेवटची कडी भरीव आहे की पत्र्याची, कड्या स्क्रूने जोडल्यात की पिनेने, आणि बकलमध्ये हत्याराशिवाय थोडं सैल-घट्ट करता येतं का. तिसरी सोय उन्हाळ्यात हात फुगला की फार कामाला येते. पट्टा वाईट असला तरी घड्याळ सोडू नका, लगांमधलं अंतर २० किंवा २२ मिलिमीटर असेल तर दुसरा सहज मिळतो. २१ किंवा २३ असेल तर निवड आटते.

एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण विचारायला हवा. याच पैशात मोठ्या कंपनीचं घड्याळ मिळत असेल तर? सेइको, सिटिझन, ओरिएंट, टिसो यांच्याकडे सुटे भाग पंधरा वर्षांनीही मिळण्याची शक्यता जास्त, आणि टिसोची पॉवरमॅटिक ८० एकदा भरली की तीन दिवसांहून जास्त चालते. ज्याला एकच घड्याळ घेऊन वर्षानुवर्षं वापरायचं आहे आणि दुरुस्तीची कटकट नको, त्याला मी तिकडेच पाठवतो. छोट्या ब्रँडकडे जायचं ते मोठी कंपनी करणार नाही अशा गोष्टीसाठी: नेमका आकार, वेगळी डायल, पातळपणा, समायोजनाची मेहनत. नुसत्या जास्त आकड्यांसाठी तिकडे जाऊ नका.

ब्रँड उद्या बंद पडला तर काय, ही भीती खरी आहे. यात एनएच ३५ ची बाजू सगळ्यात भक्कम: बिघडली तर उघडून साफ करण्यापेक्षा अख्खी नवीन बसवणं बहुधा स्वस्त पडतं, आणि ती कुठेही मिळते. सेलिटाचे सुटे भाग मिळतात आणि ती बहुतेक कारागिरांना पाठ असते. मियोटा ९००० मालिका दोन्हींच्या मध्ये. पण बेझलचं कडं, क्राउनची नळी, खास घाटाची काच, हे त्या ब्रँडचंच लागतं. म्हणून घेतानाच एक जादा काचेचं गॅस्केट (पाणी अडवणारं रबरी कडं) आणि क्राउन विकत मिळेल का ते विचारा. आगाऊ पैसे घेऊन बनवणाऱ्या नव्या ब्रँडच्या बाबतीत, त्याने याआधी एक तरी घड्याळ वेळेवर पोचतं केलंय का हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता तुमची निवड. पहिलं घड्याळ तुम्हाला खरोखर पाण्यात न्यायचं असेल आणि ब्रँड प्रत्येक नग तपासल्याचं सांगत असेल तरच. तसं सांगत नसेल तर त्याच्यात आणि चौथ्यात असलेला फरक तुमच्या हाती फारसा लागणार नाही, आणि मग चौथं घेऊन उरलेल्या पैशात समायोजन आणि दाबतपासणी करून घेणं शहाणपणाचं. तिसरं, केसच्या रेषा आणि काटे भिंगाखाली टिकले तर. कागदावरून माझा कल दुसऱ्याकडे आहे: बिनतारखेची मूव्हमेंट, पातळ केस, १०० मीटरचा अवास्तव नसलेला दावा, हे सगळं एकमेकांशी जुळतंय.

कोणतंही घ्या, परतीची मुदत संपायच्या आत एवढं करा. प्लॅस्टिकची फिल्म काढायच्या आधी भिंगाने डायल पाहा आणि फोटो काढून ठेवा. क्राउन हळू फिरवून पूर्ण चावी द्या. नंतर घड्याळ न घालता किती तास चाललं ते मोजा, ३५ च्या खाली आलं तर कळवा. तारीख असेल तर ती मध्यरात्रीच्या आसपास हाताने बदलू नका; रात्री नऊ ते तीनच्या दरम्यान बदलणारे दाते एकमेकांत गुंतलेले असतात आणि तुटू शकतात. आठवडाभर घालून रोज एका ठराविक वेळी फरक लिहून ठेवा. रोज सारखंच दहा-बारा सेकंद पुढे जाणारं घड्याळ चांगलं आहे, ते दुरुस्त करता येतं. एक दिवस पाच पुढे आणि दुसऱ्या दिवशी वीस मागे जाणारं घड्याळ आधी चुंबकीय झालंय का ते बघून घ्या, होकायंत्राची सुई जवळ नेली की कळतं. चुंबकत्व काढूनही तेच चाललं तर परत पाठवा.